भामाबाईच्या सुपलीतला दगड

विशाखाच्या स्वयंपाकघरात चार डबे असे होते की त्यांना हात लावायची तिला सोय नव्हती. एक चहाचा, एक बिस्किटांचा, एक कुठल्याशा मलमाचा, आणि चौथा चांगला जाड स्टीलचा. हा चौथा ती माहेराहून शेंगदाण्याच्या कुटासाठी घेऊन आली होती. चारही डब्यांत दगड होता. म्हणजे धोंडे नव्हेत, दगडाचा केर. सासूनं गोळा करून भरलेला.

“आत्याबाई, दुसऱ्यांच्या सासवा डब्यात लाडू भरून ठेवत्यात,” विशाखा म्हणायची.

“लाडू खाऊन संपत्यात. हे काहून संपत नाय, तेच बघायचंय मला,” भामाबाई उत्तर द्यायची, आणि डबा उघडून पुन्हा एकदा आत डोकवायची. विशाखा कपाळाला हात लावून चुलीकडं वळायची.

जळगाव रोडनं सिल्लोडकडं निघालं की घाट लागायच्या आधी डावीकडं एक कच्चा रस्ता फुटतो. त्याच्या टोकाला भामाबाईचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर डोंगरात कोरलेलं दोन खणांचं लहानसं लेणं. अजिंठ्याकडं पळणाऱ्या गाड्या या फाट्याला कधी वळत नाहीत, आणि कुठल्या पाटीवर त्याचं नावही नाही. ज्या कुणी ते कोरायला घेतलं त्यांनी मागची भिंत अर्ध्यावर टाकून काम सोडलं, म्हणून गावात त्याला अर्धं लेणं म्हणतात. गावातली बौद्ध मंडळी दर पौर्णिमेला तिथं वंदनेला जमतात. वैशाख पौर्णिमेला तर लेकी, जावई, पार पाचोड-चितेगावपासूनचे सोयरे मिळून दीडशे-दोनशे माणूस वर चढतं. रोजचा झाडू मात्र एकट्या भामाबाईचा. कुणी नेमलेलं नाही, कुणी विचारत नाही. नऊ वर्षांपूर्वी तिनं खराटा हातात घेतला तो आजपर्यंत खाली ठेवलेला नाही.

त्याआधीची वीस वर्षं ती आणि तिचा नवरा साहेबराव पैठण रोडच्या बाजूला एका खडी केंद्रावर कामाला होते. साहेबराव सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायचा आणि ती पाटीपाटीनं दगड उचलून मशिनच्या जबड्यात टाकायची. काळा पाषाण किती हट्टी असतो हे भामाबाईला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, तिच्या मनगटांना कळलं होतं. घणाचे वीस घाव खाऊनही तो नुसता ठिणग्या सोडून दाखवायचा. पुढं साहेबरावच्या छातीत त्या कामाची भुकटी बसली, चार पावलं चाललं की धाप लागायला लागली, आणि दोघं गावी परत आली.

परत आल्यावर ती सकाळी लेणं झाडायला जायची आणि साहेबराव काठी टेकत, चार ठिकाणी बसत, तिच्यामागं वर चढायचा. ओसरीच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायचा. त्याचा बाप सुरुंगाशिवाय दगड कसा फोडायचा, याचे किस्से सांगत राहायचा. ती ऐकल्यासारखं करायची आणि झाडत राहायची.

अशाच एका सकाळी तिला तो प्रश्न पडला. आदल्या दिवशी ओसरी लख्ख झाडून गेलं तरी दुसऱ्या दिवशी सुपलीत पुन्हा चिमूट-दोन चिमूट दगडाची भुकटी. इथं घण नाही, सुरुंग नाही, मशीन नाही. मग एवढ्या पाषाणाला फोडतंय कोण?

“दगडाची भुकटी अशी फुकट व्हत नाय,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मह्या छातीत भरली तेवढी कमी हाय का? तुला आनखी पायजे?” साहेबराव हसला, आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

तिला खरंच आणखी पाहिजे होती. भामाबाईला एकदा एखादी गोष्ट डाचायला लागली की ती सोडणाऱ्यातली नव्हे. पहिला संशय वटवाघळांवर आला, कारण ती वर उलटी लटकलेली असतात आणि कुणालाही त्यांच्यावर संशय घ्यायला आवडतंच. तिनं एक जुनं धोतर ओसरीभर पसरून ठेवलं. सकाळी बघितलं तर लेंड्या एका बाजूला आणि भुकटी दुसऱ्याच बाजूला. वटवाघळं निर्दोष सुटली.

मग तिच्या ध्यानात आलं की केर बारा महिने एकसारखा नसतो. उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या खांबाखाली नखाएवढे चपटे पापुद्रे पडत. तिनं चार वाजता खांबाला हात लावला तर तवा, आणि पहाटे लावला तर रांजण. रोज तापायचं आणि रोज निवायचं. माणूस असतं तर कधीच आजारी पडलं असतं, तिला वाटलं. पावसाळ्यात पायरीपाशी तांबूस मऊ गाळ साचायचा, जणू दगडाला गंज चढून तोच खाली उतरलाय. थंडीत मात्र मागच्या भिंतीच्या तळाशी पिठीसारखी पांढरी भुकटी मिळायची. भामाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि ती चक्क जिभेवर ठेवली. खारट लागली. डोंगराच्या पोटात मीठ कुठून आलं, हा आणखी एक प्रश्न तिच्यामागं लागला. तीन ऋतूंचे तीन डबे झाले ते असे.

सगळ्यात नवल तिला छिन्नीच्या खुणांचं वाटे. अर्धवट सोडलेल्या मागच्या भिंतीवरच्या खुणा अशा ताज्या, की कारागीर नुसता पाणी प्यायला बाहेर गेलाय. आणि ओसरीच्या खांबांवरच्या खुणा पार पुसून गेलेल्या, बोट फिरवलं तर कुठंतरी जराशी लागते. एकाच डोंगराचा दगड, एकाच हाताची छिन्नी. फरक एवढाच की आतला जन्मभर सावलीत राहिला आणि बाहेरच्यानं ऊनपाऊस अंगावर घेतला. भामाबाई स्वतःच्या हाताकडं बघायची आणि तिला त्या खांबांबद्दल आपुलकी वाटायची.

परत आल्यावर तीन वर्षांनी साहेबराव गेला.

त्याच पावसाळ्यात ओसरीवर छज्ज्यासारखा पुढं आलेला जो खडक आहे, त्याच्या आणि डोंगराच्या मधल्या चिरेत पिंपळाचं एक रोपटं उगवलं. दोन कोवळी तांबूस पानं. कुठल्यातरी पाखरानं बी टाकलं असणार, हे भामाबाईलाही कळत होतं. पण ते उगवलं होतं बरोबर डाव्या कोपऱ्यावर. साहेबराव पाठ टेकून बसायचा त्या जागेच्या वर.

आता, मेल्यावर माणूस झाडात-बिडात शिरत नाही, आत्मा वगैरे काही नसतं, हे तिनं विहारात शंभरदा ऐकलेलं होतं. ऐकलेलं होतं आणि पटलेलंही होतं. शेजारची बाई कावळ्याला घास ठेवायची तेव्हा भामाबाईच तिची थट्टा करायची. त्यामुळं तिनं या रोपट्याबद्दल कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. नवऱ्याचं नावही ती कधी तोंडातून काढत नसे. मतदार यादीवाले मास्तर आले तरी ती अभयला, आपल्या लेकाला, पुढं करून बापाचं नाव सांगायला लावायची. तर तिनं कुणाला काही न सांगता लेण्यात पडलेली लाकडी शिडी लावली आणि रोपट्याला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. पुढं सहा वर्षं घातलं. उन्हाळ्यात दोन लिटरची बाटली पदराखाली धरून ती डोंगर चढायची. बिचाऱ्याला माती नाही, जागा नाही, एवढ्या मोठ्या डोंगरानं लेकराला चिमटीत धरलंय, असं तिला वाटायचं आणि तिचा जीव तुटायचा. पिंपळ मात्र खुशीत होता. बघता बघता मनगटाएवढा जाड झाला. लोक लेण्यात येताना त्यालाही हात जोडू लागले. बोधिवृक्ष आपल्या लेण्यावर आपोआप उगवला, म्हणून गावाला कौतुक होतं.

गेल्या आषाढापासून सुपलीत एक नवीनच केर यायला लागला. डाव्या कोपऱ्यात, रोज दोन-चार कपऱ्या. या ना चपट्या होत्या, ना तांबूस, ना खारट. कडा धारदार आणि अंग काळं कुळकुळीत, तुटल्यासारखं. विशाखाचा स्टीलचा डबा कामाला लागला तो यांच्यासाठी.

फाल्गुनात शहरातल्या एका कॉलेजच्या तनुजा मॅडम पंधरा-वीस पोरं-पोरी घेऊन घाटातले खडकाचे थर दाखवायला आल्या होत्या. पाणी प्यायला म्हणून सगळे गावात थांबले आणि लेण्याचं कळल्यावर वर आले. भामाबाई झाडत होती. मॅडमनं पोरांना खांबाचे पोपडे दाखवले आणि म्हणाल्या, “हे बघा, खडकाचं विदारण. हे व्हायला काही माणूस लागत नाही.”

“माणूस लागत नाय, पण मग लागतं काय?” मागून आवाज आला.

मॅडमनं वळून बघितलं. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं सगळं भामाबाईनं एका दमात विचारून टाकलं, आणि मग सगळ्यांना घरी नेऊन डबे दाखवले. विशाखानं चहा टाकला. मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि एकेका डब्यातली चिमूट तळहातावर घेऊन बघू लागल्या. तापून-निवून खडकाची वरची साल सुटते, म्हणाल्या. पावसाचं पाणी दगडातल्या लोखंडाला गंजवतं आणि हळूहळू त्याचा चिखल करतं. डोंगरात झिरपलेलं पाणी विरघळलेले क्षार घेऊन येतं, पाणी वाळतं, क्षारांचे खडे होतात, आणि ते वाढताना दगडाचे कण ढकलून बाहेर काढतात.

“म्हंजी मीठ आतून ढकलतं?”

“आतून ढकलतं. तुम्ही चाखून बघितलंत, म्हणून तुम्हाला कळलं. माझ्या पोरांनी कुणी चाखलं नसतं.” पोरं खाली बघू लागली. “आणि आजी, फोडणारे वेगळे, वाहून नेणारे वेगळे. फोडायचं काम ऊन, पाणी, क्षार करतात. वाहून न्यायचं काम वारा करतो, ओढा करतो.”

“अन् मी करते,” भामाबाई म्हणाली. “नऊ वर्सं सुपलीनं डोंगर खाली नेतेय की.”

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी स्टीलचा डबा उघडला आणि त्यांचं हसू थांबलं. कपरी त्यांनी उजेडात धरली, उलटीपालटी केली.

“ही झिजलेली नाही. ही ताजी तुटलेली आहे. कुणी हातोडा मारतं का तिथं?”

“नाय.”

“कुठं पडते ही?”

कधी नव्हे ती भामाबाई अडखळली. “असंच... इकडं तिकडं,” ती म्हणाली, आणि डब्याला झाकण लावलं. काय लपवतोय हे तिचं तिलाही अजून नीट ठाऊक नव्हतं. पण काहीतरी लपवलं, एवढं कळलं.

ते काहीतरी संध्याकाळीच उघडं पडलं. अभय शेतातून आला आणि त्यानं कुदळ पाण्यानं भरलेल्या बादलीत उभी केली.

“दांडा ढिला झालाय,” तो म्हणाला. “पाणी पिऊन फुगला की बसंल घट्ट.”

भामाबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला. नऊ वर्षांपूर्वी अर्ध्या कानानं ऐकलेला किस्सा साहेबरावच्या आवाजात, त्याच्या धापेसकट, तिच्या कानात उभा राहिला. ‘महा बाप सुरुंग लावत नव्हता. खडकात वळीनं भोकं पाडायचा, वाळक्या लाकडाच्या पाचरी ठोकायचा, वरून पाणी पाजायचा अन् घरी येऊन भाकर खायचा. बाकीचं लाकूड बघून घ्यायचं.’

“आत्याबाई, भाकर करपली,” विशाखा म्हणाली. भामाबाईनं ती उलटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शिडी लावली. खराट्याची एक काडी मोडून चिरेत घातली. रोपटं लहान असताना या चिरेत काडीचं टोकही जात नव्हतं, तिला चांगलं आठवत होतं, कारण तिनंच माती भरायचा प्रयत्न केला होता. आता काडी सरळ आत गेली. बोट गेलं. शेवटी चार बोटं गेली. खाली उतरून तिनं एक गोटा उचलला आणि उजव्या बाजूच्या छज्ज्याला खालून ठोकला. खण्ण. जिवंत दगड. मग डाव्या कोपऱ्याच्या डोक्यावर ठोकला. भद्द. खडी केंद्रावर वीस वर्षं तिनं हा आवाज ऐकला होता. असा आवाज आला की मुकादम ओरडायचा, सरका मागं, हा सुटलाय. मागून सुटलेला, नुसता रेटून उभा राहिलेला बैलगाडीएवढा खडक, आणि त्याच्याखाली वैशाख पौर्णिमेला लहान पोरं बसवतात, कारण तिथं सावली असते.

शहाण्या माणसानं त्याच पावली खाली येऊन गावाला सांगितलं असतं. भामाबाई शहाणी होती, तरी तिनं नाही सांगितलं. तिनं पाणी घालायचं बंद केलं, बस्स. चैत्राचं ऊन होतं. चौथ्या दिवशी पिंपळाची पानं माना टाकून लोंबायला लागली आणि कोपऱ्यात बसलेल्या साहेबरावचा श्वास तिला ऐकू यायला लागला. पाचव्या दिवशी ती बाटली भरून वर गेली, शिडीवर चढली आणि रडत रडत पाणी ओतलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. पाचरीला पाणी पाजत होती.

मग तिनं एक हिकमत लढवली. सुदर्शन हा विहार समितीचा सचिव; चिकलठाण्याला कंपनीत कामाला जायचा आणि गावातलं सगळं वहीत टिपून व्यवस्थित करायचा. पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले असताना तिनं त्याला गाठलं.

“सुदर्शन, यंदा कार्यक्रम खालीच घ्या बाबा, विहारात. छज्ज्यावर आग्यामोहळ बसलंय. माशा माणसं फोडून काढतील.”

“एवढं मोठं हाय, मावशी?”

“लई. परातीएवढं.”

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं इतकं सविस्तर बोलू नये. परातीएवढं मोहळ म्हटल्यावर सुदर्शननं रविवारी अभयला बरोबर घेतलं, धूर करायला गोवऱ्या घेतल्या, अंगावर घोंगडी घेतली आणि दोघं भर उन्हात वर चढले. भामाबाई ओसरीत खराटा धरून उभी होती. दोघांनी छज्जा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. माशी सोडा, माशीचा पंखही नव्हता.

“माय, मोहळ कुठंय?” घामानं निथळत अभय म्हणाला.

भामाबाई पुढं झाली. तिनं गोटा उचलला.

“हे ऐक.” खण्ण. “आता हे ऐक.” भद्द.

सुदर्शनला आवाजातलं कळलं नाही. अभयचं लहानपण खडी केंद्राच्या झोपड्यांत गेलेलं. तो एकदम दोन पावलं मागं सरला आणि त्यानं आईचा दंड धरून तिलाही ओढलं. मग तिनं काडी दाखवली, चीर दाखवली, सगळं सांगितलं. सुदर्शन घोंगडी काढून पायरीवर बसला.

“मावशी, तुमचं खरं असंल. पन बोधिवृक्ष उपटला म्हनून लोकं मला जित्ता ठेवतील का?”

“तुला काहून? मी सांगते लोकायला.”

संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात माणसं उठायला लागली तशी ती उभी राहिली. चार माणसांसमोर बोलायचा तिला सराव नव्हता. स्टीलचा डबा तिनं पोटाशी धरला होता.

ती झाड काढायचं म्हणाली तशी सारजाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, भिंतीला टेकल्या जागेवरून कडाडली. “बोधिवृक्ष हाय तो, भामे! तूच त्याला वाढवलं, अन् आता तूच कुऱ्हाड घालती व्हय?”

“मीच वाढवलं, म्हनून तर मीच सांगतेय,” भामाबाई म्हणाली. तिनं डब्यातल्या कपऱ्या चटईवर ओतल्या. “हे बघा. वर्साचं एवढं पडलंय. मला वाटायचं, डोंगर त्याला दाबतोय. मी त्याची कीव करायचे. उलटं व्हतं. तेच डोंगराला दाबत व्हतं. त्याचा काय दोष नाय, त्याला जगायचंय. पाचर पाखरानं ठोकली, पन पाणी मी पाजलं. सहा वर्सं.” तिनं रिकामा डबा खाली ठेवला. “अन् हे मला फाल्गुनापासून ठाव हाय. मी बोलले नाय. मोहळाचं बी खोटं सांगितलं. मह्यानं ते उपटवत नव्हतं.”

काहून उपटवत नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. छज्ज्याखालच्या त्या कोपऱ्यात कोण बसायचं हे सगळ्या गावानं बघितलेलं होतं. सारजाबाईनं चटईवरची एक कपरी उचलली आणि तिची धार बोटानं चाचपली.

“मग खाली लाव की,” ती अखेर पुटपुटली. “खाली लावला तरी बोधिवृक्षच ऱ्हाईल. त्याला काय वरच बसायचंय असं हाय का?”

काम दोन दिवस चाललं. खालून कुणी जायचं नाही असं ठरलं. अभय आणि आणखी तिघे जण कमरेला दोर बांधून डोंगराच्या वरच्या अंगानं उतरले, पहारीनं चीर मोकळी करत गेले. भामाबाई समोरच्या कातळावर बसून हातवारे करून सांगत होती, इकडं नको, तिकडं, सांभाळून, मूळ तोडू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपळ हातात आला आणि त्याच्यापाठोपाठ डाव्या कोपऱ्यावरचा तो खडक सुटला. ओसरीत असा आदळला की वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडली. धूळ हळूहळू खाली बसली. पोरांच्या बसायच्या जागेवरची फरशी दुभंगली होती.

अभयनं पिंपळ आईसमोर आणून ठेवला. वर मनगटाएवढं गोल खोड, आणि खाली मूळ मात्र पट्ट्यासारखं चपटं. हातभर रुंद, बोटभर जाड. चिरेचा आकार त्यानं जसाच्या तसा अंगावर घेतला होता. भामाबाईनं त्यावरून हात फिरवला. एका बाजूला खडकाचे खळगे, दुसऱ्या बाजूला खडकाचे उंचवटे. खडक त्यानं फोडला होता, पण फोडता फोडता स्वतःही गोल राहिला नव्हता.

“लावायचा कुठं?” अभयनं विचारलं. “इथं तर सगळा खडकच हाय.”

पायरीच्या खालच्या अंगाला, जिथं ती रोज सुपली झटकायची, तिथं उतारावर एक लहानसा उंचवटा झाला होता. नऊ वर्षांचा केर. भामाबाईनं त्याच्याकडं कधी लक्षच दिलं नव्हतं, टाकलेल्या केराकडं कोण बघतं? जवळपास तेवढीच एक मऊ जागा दिसत होती, म्हणून अभयनं तिथं कुदळ मारली. तीच, पाणी पिऊन दांडा घट्ट झालेली. कुदळ हात-दीड हात आत गेली आणि वर आली ती काळी, भुसभुशीत माती घेऊन.

भामाबाई खाली बसली. मूठभर माती उचलून तिनं चोळली. वर अजून पापुद्रे आणि कण ओळखू येत होते. खाली-खाली मात्र ना पापुद्रा, ना कण. पापुद्रे, गाळ, पाला, वटवाघळांची लेंडी, सगळं एक होऊन गेलेलं. एक गांडूळ अंग चोरत आत गेलं. नऊ वर्षं ती दगड कोण फोडतं हेच विचारत राहिली होती. फुटलेल्याचं पुढं काय होतं, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं, आणि उत्तर रोज तिच्याच सुपलीतून पडत होतं. तिला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही आलं. तिनं दोन्ही आवरलं नाही.

पिंपळ लावला. आठवड्यात त्याची सगळी पानं गळून गेली आणि काठी तेवढी उभी राहिली. जगेल की नाही यावर गावात दोन तट पडले. सुदर्शननं पडलेल्या खडकाचे तुकडे बाजूला लावून घेतले आणि उरलेल्या छज्ज्यावर भामाबाईकडून हातभर-हातभर अंतरावर गोटा ठोकून घेतला. सगळीकडं खण्ण आवाज आला, तेव्हाच वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रम वर ठरला. पोरं डाव्या कोपऱ्यातच बसली. आता तिथं छज्जा नव्हता, म्हणून अभयनं साडी बांधून सावली केली. तनुजा मॅडमही आल्या होत्या. त्यांनी त्या चपट्या मुळाचा अभयनं मोबाइलवर काढलेला फोटो तीनतीनदा बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई झाडायला निघाली तेव्हा विशाखानं तिला दारातच अडवलं.

“आत्याबाई, त्या स्टीलच्या डब्यात आता काय पडायचं नाय ना? मग तो द्या मला. कूट करायचंय.”

“देते. आधी रिकामा करून आनते.”

तिनं ओसरी झाडली. डाव्या कोपऱ्यात केर नव्हता. ती तिथं जराशी थांबली. मग सुपलीतला दिवसाचा केर आणि डब्यातल्या सगळ्या काळ्या कपऱ्या घेऊन पायरी उतरली. रोज ती लांबूनच झटकायची. आज खाली वाकली, काठीसारख्या उभ्या पिंपळाच्या बुडाशी तिनं ते हातानं पसरलं, डब्याच्या तळाला चिकटलेली भुकटीही बोटानं पुसून टाकली, आणि बाटलीतलं पाणी घातलं. आसपास कुणी नव्हतं. असतं तरी आता तिला पर्वा नव्हती.

“साहेबराव,” ती म्हणाली, “आता पाय पसरा.”